कोकण किनाऱ्यावरची महाकादंबरी लिहितेय, दोघींचं प्रेम फार सावकाश होतं असं वाचणारे म्हणतात, काय करू?

सड्यावरची

नमस्कार मंडळी. मी मूळची मालवण तालुक्यातली, सध्या कुडाळला. बरीच वर्षं एक मोठी कल्पनारम्य कादंबरी लिहितेय, मराठीत, तीन भागांची. आरमारं आहेत, बुडालेलं राज्य आहे, देवतांशी केलेले करार आहेत, युद्ध आहे, पण कादंबरीचा सगळा जीव दोन बायकांच्या प्रेमात आहे आणि ते प्रेम खूप सावकाश होतं, इंग्रजी वाचणारे ज्याला स्लो-बर्न म्हणतात तसं.

जग काल्पनिक आहे पण किनारा आपलाच. खारदुर्ग म्हणून पाण्यातला किल्ला आहे, तो मी सिंधुदुर्ग डोळ्यासमोर ठेवून रचलाय. सिंधुदुर्गात दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत ना, चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधोमध गोडं, मला लहानपणापासून त्याचं फार आश्चर्य वाटत आलंय, तर माझ्या गोष्टीत त्या विहिरी गोड राहतात कारण किल्ल्याला एक राखणदारीण असते आणि तिने तट न ओलांडण्याचा शब्द दिलेला असतो. तिने शब्द मोडला की विहिरी खारट. ती सगुणा. आणि येसू ही गलबताची तांडेल, म्हणजे शिडाच्या छोट्या जहाजाची प्रमुख, किल्ल्यावर धान्य, दोरखंड, लाकूड पोचवते, सुरुवातीला तिला सगुणाचा रागच असतो कारण येसूचा भाऊ किल्ल्याच्या चाकरीत मेलेला असतो आणि सगुणाने त्याला दार उघडलं नव्हतं.

आता अडचण. पहिला भाग जवळपास दीड लाख शब्दांचा झालाय आणि त्यात दोघी एकमेकींचा हातही धरत नाहीत. तिघांना वाचायला दिला. एक म्हणाली खूप छान पण मधे पन्नास पानं काहीच घडत नाही. दुसरा म्हणाला येसूचा येसाजी कर, मग सगळ्यांना चालेल. तिसरी म्हणाली लवकर एखादा प्रसंग टाकून मोकळी हो. येसाजी तर मी करणार नाहीच, आणि घाईचा प्रसंग लिहून पाहिला तेव्हा त्यातल्या दोघी मला ओळखू येईनात. पण पन्नास पानांचं म्हणणं मला पटतंय. सावकाश ठेवूनही वाचणाऱ्याला धरून कसं ठेवायचं? कोणी मनापासून सांगेल का.

पाऊणभरती

ताई, कल्पना फार आवडली. वेग वाढवू नका, त्यापेक्षा दोघींच्या मधे समुद्राचं वेळापत्रक आणा, कारण तुमच्या प्रश्नात ते कुठेच दिसलं नाही. किल्ला पाण्यात आहे, येसू होडीने येते, मग ती मनात येईल तेव्हा येऊच शकत नाही, बरोबर ना?

आपल्याकडे जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, जागेप्रमाणे थोडं मागेपुढे. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, आणि पौर्णिमा अमावस्येला दुपारी बाराच्या आसपास आणि तशीच मध्यरात्री. आता बघा याचं काय होतं. येसू पौर्णिमेला आली तर उधाणाचं पाणी, खडकातल्या वाटेवर भरपूर खोली, पण वेळ भरदुपारची, म्हणजे सगळ्या किल्ल्यासमोर माल उतरवायचा, देसाई, कारकून, पहारेकरी सगळे उभे, आणि सुकती म्हणजे ओहोटी लागली की खडक वर, गलबत अडकलं, सुटका एकदम मध्यरात्रीच्या भरतीला. दिवसभर दोघी एकाच तटाच्या आत आणि एक शब्द बोलायची सोय नाही. तेच अष्टमीला आली तर भांगाची भरती, पाणी शांत, ओढ कमी, वेळ दिवेलागणीची, किल्ल्यावर माणसं जेवणाच्या गडबडीत. मग पहाटे मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा सुटला की त्याच्यावर बाहेर. म्हणजे महिन्यात दोनदा पूर्ण रात्र मिळते आणि तीही कोणी मुद्दाम दिलेली नाही.

हे एकदा पहिल्या शंभर पानांत वाचणाऱ्याला नीट समजलं ना, की पुढे तुम्ही नुसतं "पंचमी होती" असं लिहिलंत तरी तो बोटं मोजायला लागेल. पन्नास पानं रिकामी वाटणार नाहीत, कारण तो अष्टमीची वाट बघत असेल.

आणि पावसाळा! हल्ली मासेमारीच्या यांत्रिक बोटींना 1 जून ते 31 जुलै बंदी असते, पण शिडाच्या काळात पाऊस लागायच्या आधी गलबतं वर ओढायची ती नारळी पौर्णिमेपर्यंत हलत नव्हती. म्हणजे दरवर्षी दोघींची ताटातूट ठरलेली. पहिल्या वर्षी येसूला वेळेवर परत जाऊ द्या. दुसऱ्या वर्षी वादळ आठ दिवस आधी आणा, गलबत किल्ल्यावरच अडकू दे, आणि सगळा पावसाळा येसू तटाच्या आत. इतके महिने ज्या बाईला दारातून परत पाठवलं तिच्याबरोबर आता एकाच चुलीवरची पेज.

रत्नागिरीचा वाचक

मी साठी ओलांडलेला माणूस आहे, वाचनाशिवाय दुसरा नाद नाही. स्पष्ट सांगतो. दीड लाख शब्द जास्त नाहीत, पण तुमच्या पहिल्या वाचकाला जी पन्नास पानं जड गेली ती कोणती हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज, तिथे राजघराण्याची वंशावळ असणार. मराठीत अशी मोठी गोष्ट लिहायला बसलं की लेखक आधी सात पिढ्या सांगतो. त्या कापा. राजे कापा, मुलींना हात लावू नका.

येसाजीचा सल्ला तर कथेच्या अंगानेच खोटा आहे. येसाजी असता तर पाचव्या प्रकरणात देसायांनी शब्द मोडायची काहीतरी पळवाट काढून, शास्त्री बोलावून, लग्न लावून दिलं असतं आणि विहिरींना कोणी विचारलंही नसतं. दोघी बायका आहेत म्हणून कोणाकडे तयार वाट नाही, त्यांना स्वतःच शोधावी लागते, आणि तीच तुमची कादंबरी.

अजून एक, आणि हे मी कळकळीने सांगतोय. मराठी रंगभूमीवर बाईने बाईवर प्रेम करणं 1981 मध्ये आलं, विजय तेंडुलकरांच्या मित्राची गोष्ट या नाटकात. मोठं नाटक. पण त्यातली सुमित्रा शेवटी जगत नाही. त्यानंतर मी जे जे वाचलं त्यातही बहुतेक ठिकाणी अशी बाई मरते, वेडी होते किंवा शहर सोडून जाते. तुमच्याकडे तीन भाग आहेत, युद्ध आहे, मारायला माणसं भरपूर आहेत. या दोघी जगू द्या. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने कलम 377 मधून प्रौढांच्या संमतीचे समलैंगिक संबंध हा गुन्हा काढला, पण लग्नाचा हक्क 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात दिला नाही, म्हणजे आज आपल्या गावांतून ज्या मुली हे वाचतील त्या अर्ध्या उघडलेल्या दारात उभ्या आहेत. त्यांच्या हातात पुन्हा मरणच देऊ नका.

मांडवीकर

एक शंका आहे, राग मानू नका. आपल्याकडे बायका समुद्रावर जात नाहीत. पुरुष मासे आणतात, बायका लिलावात घेतात, बाजारात विकतात, सुकवतात, पैशाचा सगळा व्यवहार त्यांच्या हातात असतो, पण शिडाच्या होडीवर तांडेल बाई? किनाऱ्यावरचा वाचक पहिल्या पानाला अडखळेल. कल्पनारम्य असलं म्हणून काय झालं, चेटूक चालेल पण हे कसं काय असं तो विचारणारच.

गुराबवाला

मांडवीकर, शंका रास्त आहे पण उपाय सोपा आहे, लेखिकेने एक कारण द्यायचं आणि ते शेवटपर्यंत पाळायचं. भाऊ मेलाय ना किल्ल्याच्या चाकरीत? मग गलबत तिच्याकडे वारशाने आलं, खलाशी सुरुवातीला तिचं ऐकत नाहीत, आणि ती ते कसं मिळवते हा एक सबंध धागा झाला. आणि तुमच्याच वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत बचत गटातल्या बायका स्वतः वल्हवत लोकांना कांदळवन दाखवतात, सराईत हात आहेत त्यांचे, ताईंनी जाऊन एकदा त्यांच्या होडीत बसावं, वल्हं मारताना खांदा कसा फिरतो, तळव्याला कुठे घट्टे पडतात हे बघून यावं. सगुणाला येसूबद्दल पहिल्यांदा काय दिसणार? तळवेच दिसणार, कारण ती दोरखंड मोजून घेते.

आता माझा खरा मुद्दा. आंग्र्यांच्या आरमारात गुराब आणि गलबत ही जोडी असायची. गुराब मोठी, दोन-तीन डोलकाठ्यांची, तोफा तिच्यावर. गलबत लहान, चपळ, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. वारा पडला की गुराब जागची हलत नाही, मग गलबतं तिला दोर लावून वल्हवत ओढत न्यायची. कान्होजी 1729 मध्ये गेले पण ही पद्धत त्यांच्यानंतरही होती. ताई, हा प्रसंग तुम्हाला फुकट मिळालाय! दुसऱ्या किंवा तिसऱ्या भागात सगुणा तट ओलांडते असं मी धरून चालतो, नाहीतर मग शब्द दिला कशाला. तर ती ओलांडते, किल्ल्याची गुराब घेऊन युद्धाला निघते, ऐन वेळी वारा पडतो, शत्रू मागे, आणि येसूचं गलबत पुढे येऊन दोर टाकतं. रात्रभर एकीचं जहाज दुसरीच्या जहाजाला ओढतंय, मधे फक्त तो ताणलेला दोर, अंधारात दिवा लावायचा नाही, ओरडून बोलायचं नाही, दोराला झटके देऊन खुणा करायच्या. एक झटका थांब, दोन झटके डावीकडे. मग पहाटेच्या सुमाराला एक झटका असा येतो की त्याचा अर्थ ठरलेलाच नव्हता. यात कुठेही कोणी कोणाला शिवत नाही आणि तरी मला वाटतं तुमचा वाचक पुस्तक खाली ठेवणार नाही.

बुडालेल्या राज्यासाठी आंग्रिया बँक वापरा. विजयदुर्गापासून शंभर किलोमीटरहून जास्त आत, समुद्राच्या पोटात बुडालेलं पठार आहे, माथ्यावर पाणी जेमतेम वीस मीटरच्या आसपास आणि प्रवाळ. जागा खरी, वरचं राज्य तुमचं.

गावऱ्हाटी

गो बाय, तुझा वाचलंय आणि माका रवाक नाय. तू देवांशी करार म्हणतंस पण करार जाता कसो ता खय लिवलंस? आमच्याकडे देवाक इचारूची रीत आसा ना, कौल! (पुढे सगळ्यांना समजेल असं लिहिते.)

देवाच्या अंगाला ओल्या कळ्या किंवा पाकळ्या लावतात, गुरव गाऱ्हाणं घालतो, उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. कधी कधी तासन् तास काहीच पडत नाही आणि सगळा गाव देवळात बसून राहतो. तुझ्या गोष्टीत पावसाळ्यात येसू किल्ल्यावर अडकली तर गावकरी कौल लावणारच, ही परकी बाई राखणदारणीच्या घरात राहिली तर चालेल का म्हणून. आणि तो कौल लागतच नाही असं लिही. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. देव होही म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. तोवर ती राहते. सगुणा रोज देवळात जाते आणि रोज घाबरून कळीकडे बघते, आणि आपण नक्की कोणती कळी पडायची वाट बघतोय हे तिला जेव्हा समजतं, तिथे तुझं प्रेम सुरू झालं. त्यासाठी वेगळा प्रसंग लागत नाही.

तुझं नाव सड्यावरची आहे म्हणून अजून एक. सड्यावरची, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर कोरलेली कातळशिल्पं घे ना कथेत. राजापूरकडे बारसूच्या सड्यावर दोन वाघांच्या मधे उभा माणूस कोरलाय, कशेळीला सबंध हत्ती आणि त्याच्या पोटात दुसरे प्राणी, कोणी कोरले, कशासाठी, हजारो वर्षांत सगळं विसरलं गेलं. कोकणातली ही शिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. जांभ्यावर कोरलेला करार, वाचता येणारं कोणी उरलेलं नाही, आणि सगुणाच्या शब्दाच्या खऱ्या अटी त्याच्यात आहेत. कदाचित तट ओलांडायला बंदी नव्हतीच, एकटीने ओलांडायला बंदी होती.

दापोलीची मुलगी

मी पहिल्यांदाच इथे लिहितेय. मी तेवीस वर्षांची आहे आणि मला मुली आवडतात, हे घरात फक्त एका मावशीला माहीत आहे. इंग्रजीत अशी पुस्तकं मी शोधून शोधून वाचते. ताशा सुरी यांचं द जॅस्मिन थ्रोन 2021 मध्ये आलं, तीन भागांची मालिका आहे, कैदेतली राजकन्या आणि तिथे काम करणारी बाई, जगही भारतासारखं, ते मी दोनदा वाचलं. पण त्यात कोणी पेज पीत नाही, कोणाला सुक्या बांगड्याचा वास येत नाही, आणि कोणी मराठीत रुसत नाही.

सावकाश असण्याबद्दल माझं मत. प्लीज घाई करू नका. आमच्यासारख्यांचं असंच होतं, समोरची पण तशीच आहे का हे विचारताच येत नाही, त्यामुळे आम्ही महिनोन् महिने नुसत्या बारीकसारीक गोष्टी गोळा करत बसतो, तिने माझ्या ताटातलं उचलून खाल्लं, तिने केसांना तेल लावून दे म्हटलं, याचा काही अर्थ आहे का नाही. गावाकडे दोन मुली एकत्र झोपल्या, वेण्या घातल्या, गळ्यात गळे घालून जत्रेला गेल्या तर कोणी वळूनही बघत नाही, म्हणून सगळं दिसत असूनही काहीच कळत नाही. तुमच्या पहिल्या भागात हात न धरणं मला अजिबात खटकणार नाही.

खटकेल ते हे, की दोघी भेटल्या आणि भेटीनंतर काहीच बदललं नाही. प्रत्येक भेटीत एकीने दुसरीचं काहीतरी घेऊन जायला हवं, एखादी माहिती, एखादं कर्ज, खोटं बोलल्याचं ओझं. येसूने भावाबद्दल विचारलं आणि सगुणाने अर्धंच सांगितलं, मग पुढच्या अष्टमीला येसू त्या अर्ध्याच्या मागे लागते. तो भाऊ खूप महत्त्वाचा आहे, त्याला विसरू नका. दार का उघडलं नाही हे ज्या दिवशी कळेल त्या दिवशी एकतर प्रेम तुटेल नाहीतर घट्ट होईल, आणि मला ते पहिल्या भागातच हवंय, दुसऱ्यापर्यंत ताणू नका.

सड्यावरची

तुम्ही सगळ्यांनी इतकं दिलंय की काल रात्री झोप आली नाही, उठून वहीत लिहीत बसले. रत्नागिरीच्या काकांचा अंदाज बरोबर, ती पन्नास पानं खारदुर्गाच्या सहा देसायांची आहेत, ती काढतेय, जे लागेल ते गावकऱ्यांच्या बोलण्यात येईल. दोघी जगणार आहेत काका, ते पहिल्यापासून ठरलेलं आहे.

कौल न लागण्याचा प्रसंग मी घेतेच आहे. पहिला भाग वादळाशी संपवायचं ठरवत होते, म्हणजे येसू किल्ल्यात अडकते, दार बंद, भाग समाप्त, पण दापोलीच्या मुलीचं वाचून बदललं. वादळ मधे आणते. पावसाळ्यात, येसू सगुणाच्या डोक्याला तेल लावत असताना, सगुणा भावाबद्दल सगळं सांगते. दार उघडलं असतं तर किल्ल्यावरची चारशे माणसं त्या रात्री कापली गेली असती हे तिला माहीत होतं, आणि बाहेरचा आवाजही तिच्या ओळखीचा होता. येसू तेल लावायची थांबते, वाटी खाली ठेवते आणि बाहेर पडते, पण जाणार कुठे, समुद्र बंद आहे. नारळी पौर्णिमेपर्यंत तिला त्याच तटाच्या आत राहायचंय. पहिला भाग नारळी पौर्णिमेला संपेल, नारळ पाण्यात पडतो, गलबत खाली उतरतं, तिला जायची मोकळीक आहे आणि ती जाते. पण पुढच्या अष्टमीला येते. सगुणा धक्क्यावर येऊन उभी राहते, पहिल्यांदाच माल मोजायची वही न घेता, आणि त्या रात्री दोघी पहाटेपर्यंत चांदण्यात तटावर बसतात.

मांडवीला पण जाणार आहे. दापोलीच्या मुली, दुसरा भाग सगळ्यात आधी तुला पाठवू का? तू सांगितलंस तसं आजवर मला कोणी सांगितलं नव्हतं.

दापोलीची मुलगी

पाठवा. नक्की पाठवा. आणि तेलाची वाटी खाली ठेवते ते बदलू नका, तिने ती फेकली नाही यावरूनच मला कळलं की ती परत येणार.

गुराबवाला

दोराचा प्रसंग दुसऱ्या भागात येतोय ना? तो लिहिताना विचारा, दोर कुठे बांधतात, ताण आला की माणसं कुठे उभी राहत नाहीत, सगळं सांगतो.

पाऊणभरती

ताई, एकच दुरुस्ती, आणि ती करायलाच हवी कारण किनाऱ्यावरचा माणूस पकडेल. नारळी पौर्णिमेनंतरची पहिली अष्टमी म्हणजे वद्य अष्टमी, तिचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला उगवतो. म्हणजे दिवेलागणीला येसू येते तेव्हापासून अर्धी रात्र काळोख आहे, तटावर बसल्या तरी एकमेकींचं तोंड दिसणार नाही. पहाटेपर्यंत चांदणं लिहू नका. शिवाय ती श्रावण वद्य अष्टमी, गोकुळाष्टमी पडते, किल्ल्यावर माणसं जागीच असणार, तर त्यांना लपून बसायला तटाचा कोणता बुरूज देताय ते आधी ठरवा. बाकीच्या प्रकरणांतल्या तिथी आणि भरतीच्या वेळा काढून पाठवा, मी तपासून देतो.